रूळ संपतात तिथून

महाराष्ट्राचा रेल्वेचा नकाशा समोर पसरला की माझी नजर आधी बीडवर जाते. पश्चिमेला दौंड–मनमाड मार्ग, उत्तरेला मनमाडहून जालना, परभणी करत सिकंदराबादकडे गेलेला मार्ग, पूर्वेला परळी, दक्षिणेला बार्शी आणि लातूर. चारी अंगांनी रूळ आणि मधोमध जिल्ह्याचं गाव आता-आतापर्यंत कोरडं. परळी बीड जिल्ह्यातच येते, त्यामुळे सरकारी कागदात जिल्ह्याला रेल्वे होती. पण बीडच्या माणसाला ती गाठायची तर आधी एसटीत बसावं लागे. अहिल्यानगर–बीड–परळी या २६१ किलोमीटरच्या मार्गाला १९९५च्या सुमारास मंजुरी मिळाली. बीड ते अहिल्यानगर प्रवासी गाडी सुरू झाली ती १७ सप्टेंबर २०२५ रोजी, मराठवाडा मुक्तिसंग्राम दिनी. मंजुरी आणि गाडी यांच्यात तीस वर्षं गेली. मागणी तर त्याहून कितीतरी जुनी.

एवढ्या काळात बीडची माणसं घरी बसून राहिली नाहीत. ती पुण्याला शिकायला गेली, मुंबईला दवाखान्यात गेली, छत्रपती संभाजीनगरला कोर्टाच्या तारखांना गेली, नोकरीच्या मुलाखतींना आणि लेकीच्या बाळंतपणाला गेली. ती कशाने गेली, हा या पुस्तकाचा विषय आहे. दिवसा एसटीने, रात्री रातराणीने आणि पुढे ट्रॅव्हल्सने. रेल्वे न पोहोचलेल्या गावांना देशाशी जोडून ठेवणाऱ्या या लांब पल्ल्याच्या बसचा विचार आपण आजवर तात्पुरती सोय म्हणून केला. रेल्वे येईल तेव्हा खरं दळणवळण सुरू होईल, तोवर बस आहेच, अशी आपली धारणा. सत्तर-पंचाहत्तर वर्षं जी सोय टिकली, जिच्यावर दोन-तीन पिढ्यांचं शिक्षण आणि रोजगार उभा राहिला, तिला तात्पुरती म्हणणं मला अन्यायाचं वाटतं. या संग्रहाचं संपादन करायला घेतलं ते या एका कारणासाठी.

आधी एक डबा सांगतो. मी तालुक्याच्या गावी खोली करून शिकत होतो. आई पहाटे चारला उठून भाकऱ्या थापायची आणि जर्मनचा डबा जुन्या धोतराच्या फडक्यात बांधून गावातून निघणाऱ्या सहाच्या गाडीत द्यायची. गाठीखाली माझ्या नावाची चिठ्ठी. ती गाडी मुक्कामी होती. आदल्या रात्री आठच्या सुमाराला गावात यायची, चालक-वाहक मारुतीच्या देवळात पथारी टाकायचे आणि सकाळी तीच गाडी परत फिरायची. साडेसातला स्टँडवर आम्ही दहा-बारा पोरं उभी असायचो. ड्रायव्हरच्या शेजारी बॉनेटवर डबे रचलेले असत आणि इंजिनाच्या उबेने भाजी कोमट राहिलेली असे. वाहक एकेका गावाचं नाव पुकारून डबा हातात देई. मी कालचा रिकामा डबा आणायला विसरलो की म्हणे, "अरे, माउली विचारील मला. उद्या दोन्ही आण." या कामाचे त्याने कधी पैसे घेतले नाहीत. माझ्यासारखे हजारो विद्यार्थी अशा डब्यांवर शिकले. पुष्कळ नंतर मला कळलं, की त्या मुक्कामी गाडीच्या फेरीत डिझेलचा खर्चही निघत नसे. तिचा तोटा भरून निघायचा तो पुण्या-मुंबईच्या लांब पल्ल्याच्या गाड्यांच्या उत्पन्नातून. माझ्या भाजीभाकरीचं आणि रातराणीचं नातं असं होतं. या विषयाचं सगळं अर्थशास्त्र मला त्या डब्यात दिसतं.

आता मुळापासून. रेल्वेच्या जाळ्यात एवढी भोकं राहिली कशी? १६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदर ते ठाणे अशी पहिली प्रवासी गाडी धावली. १८६३ मध्ये बोरघाट आणि १८६५ मध्ये थळघाट रुळांनी ओलांडला आणि देशावरचा, खानदेश-वऱ्हाडातला कापूस मुंबई बंदरात उतरू लागला. मार्ग आखले गेले ते बंदर, कापूस, कोळसा आणि फौज यांच्या सोयीने. गावोगावचा माणूस त्या हिशेबात दुय्यम होता. त्यात संस्थानांची भर. मनमाडहून निजामाच्या राज्यात शिरणारा मीटरगेज मार्ग १९०० साली पुरा झाला, तो हैदराबादच्या ओढीने. मराठवाड्याला पुण्याशी सरळ जोडावं असं कुणाला वाटण्याचं कारणच नव्हतं. राज्यच वेगळं होतं. बार्शी लाइट रेल्वे अडीच फुटी, पुणे–मिरज मीटरगेज, मुंबईची मुख्य लाइन ब्रॉडगेज. जिथे रूळ होते तिथेही गाडी बदलावी लागे, सामान उतरवून पुन्हा चढवावं लागे.

या सगळ्यात एक गोष्ट मला थक्क करते. लोणावळ्याच्या बोरघाटापासून दक्षिणेला कॅसलरॉकपर्यंत सह्याद्रीची साडेतीनशेहून अधिक किलोमीटरची भिंत आहे. या संपूर्ण भिंतीत आजही रेल्वे एका ठिकाणीसुद्धा घाट उतरत नाही. कराडहून चिपळूणला, कोल्हापूरहून वैभववाडीला रेल्वे न्यायच्या योजना कागदावर आहेत. देश आणि कोकण यांच्यातली सारी ये-जा आजही वरंध, कुंभार्ली, आंबा, करूळ, फोंडा, आंबोली अशा घाटरस्त्यांनी होते. कोल्हापूर ते रत्नागिरी रस्त्याने सुमारे १३० किलोमीटर. हेच अंतर रेल्वेने कापायचं तर पनवेलवरून किंवा मडगाववरून पाचशेहून अधिक किलोमीटरचा वळसा. पावसाळ्यात दरड कोसळून घाट बंद झाला की नात्यागोत्याची दोन गावं परदेशांइतकी लांब होतात.

पहिल्या महायुद्धानंतर रस्त्यावर मोटारी आल्या. सर्व्हिस मोटार भरली की सुटायची. वेळापत्रक नसे, भाडं माणूस बघून ठरे. पण ती गावाच्या वेशीपर्यंत यायची आणि हे रेल्वेला जमणारं नव्हतं. १९३०च्या दशकात रेल्वे कंपन्यांना या मोटारींची धास्ती वाटू लागली. मिचेल आणि कर्कनेस यांनी १९३२-३३ मध्ये रेल्वे-रस्ता स्पर्धेची सरकारी पाहणी केली आणि पुढे १९३९चा मोटार वाहन कायदा आला. परवाना, मार्ग, भाडं या सगळ्यावर सरकारचा हात आला, आणि त्यामागे रेल्वेचं उत्पन्न सांभाळण्याची चिंता मोठी होती. बसकडे रेल्वेची प्रतिस्पर्धी म्हणून बघायची सवय तेव्हापासूनची. आपल्या वाहतूक धोरणावर तिची सावली अजून आहे.

त्याच काळात आपल्या शेजारी वेगळा विचार झाला होता, आणि तो मराठी वाचकाला फारसा ठाऊक नाही. १९३२ मध्ये निजाम संस्थानच्या रेल्वेनेच आपलं रस्ते वाहतूक खातं उघडलं आणि २७ बसगाड्या घेऊन प्रवासी वाहतूक सुरू केली. रेल्वे आणि बस एका मालकाची, एका छपराखालची. रूळ जिथे संपतील तिथून बस पुढे नेईल, हा त्यातला साधा हिशेब. मराठवाडा तेव्हा त्या संस्थानात होता. म्हणजे आज जो एकत्रित वाहतुकीचा विचार आपण नवा म्हणून मांडतो, त्याची सुरुवात नव्वदहून अधिक वर्षांपूर्वी आपल्याच मुलखाच्या दारात झाली होती. पुढे संस्थान गेलं, रेल्वे केंद्राकडे गेली, बस राज्यांकडे आली आणि ती जोडी फुटली.

१ जून १९४८ रोजी मुंबई राज्याची पहिली एसटी पुण्याहून अहमदनगरला, म्हणजे आजच्या अहिल्यानगरला, निघाली. हा प्रसंग आपल्याकडे भक्तिभावाने सांगितला जातो आणि तो तसा सांगण्याजोगा आहेच. मला त्यात आणखी एक गोष्ट दिसते. पुणे आणि नगर ही दोन्ही रेल्वेची गावं होती. पण रेल्वेने जायचं तर दौंडला वळसा पडे. रस्ता मात्र शिरूरवरून सरळ. तेव्हा रेल्वेच्या जाळ्यातली उणीव म्हणजे जिथे रूळच नाहीत ती गावं, एवढीच नव्हे. रूळ आहेत पण ते वाकडे जातात, गाडी आहे पण ती अवेळी येते, स्थानक आहे पण गावापासून कोसभर दूर आहे, याही उणिवाच. पुणे–नाशिक हे ठळक उदाहरण. रस्त्याने सव्वादोनशे किलोमीटरच्या आत असलेली ही दोन मोठी शहरं थेट रेल्वेमार्गाने जोडलेली नाहीत. रेल्वेने जाणारा कल्याणला जाऊन मागे फिरतो. थेट मार्गाची योजना आखली गेली आणि नारायणगावजवळच्या खोडदच्या महाकाय रेडिओ दुर्बिणीला त्याचा अडथळा होईल या प्रश्नावर अडली. दुर्बीण मोलाची आहे, तिचं रक्षण झालंच पाहिजे. तोवर पुण्याहून नाशिककडे सुटणाऱ्या बसगाड्यांना रांगा लागलेल्याच.

१९५०च्या रस्ता परिवहन महामंडळ कायद्याने राज्यांना महामंडळं काढता आली आणि त्यांच्या भांडवलात रेल्वेनेही वाटा घातला. हे आज सांगितलं तर लोकांना खरं वाटत नाही. एसटीच्या पायात रेल्वेचाही दगड आहे. मोटार वाहन कायद्यातल्या १९५६च्या दुरुस्तीने मार्गांचं राष्ट्रीयीकरण सोपं झालं. महाराष्ट्र राज्य झाल्यावर १९६१ मध्ये पश्चिम महाराष्ट्र, विदर्भ आणि मराठवाडा इथल्या तीन वेगळ्या सेवांचं मिळून आजचं महामंडळ उभं राहिलं. 'गाव तिथे एसटी' हे नुसतं घोषवाक्य नव्हतं. दापोडी, चिकलठाणा आणि हिंगणा इथल्या कार्यशाळांत गाड्यांच्या बॉड्या बांधल्या जात होत्या आणि आगारं वाढत अडीचशेच्या घरात गेली. रातराणी आली आणि लांबचा प्रवास एका रात्रीच्या झोपेवर आला. दिवसाची मजुरी बुडेनाशी झाली. १९८२च्या दिल्लीच्या आशियाई खेळांसाठी बांधलेल्या गाड्या इकडे आल्या आणि 'एशियाड' हा शब्द मराठीत निमआराम गाडीसाठी कायमचा रुजला. शिवनेरी, हिरकणी, शिवशाही ही पुढची नावं.

ऐंशीच्या दशकापासून खासगी ट्रॅव्हल्स वाढल्या. त्यांच्याविषयी बोलताना आपल्याकडे दोन टोकं गाठली जातात, आणि दोन्ही मला पटत नाहीत. कायद्याच्या भाषेत एसटी ही टप्पा वाहतूक आहे: तिकीट काढा, वाटेत चढा-उतरा. खासगी गाडीला परवाना मिळतो तो कंत्राटी वाहतुकीचा: एक समूह, एक ठिकाण, मधे चढ-उतार नाही. १९८८च्या मोटार वाहन कायद्यातही हा भेद कायम राहिला. प्रत्यक्षात संध्याकाळी पुण्याच्या कोणत्याही मोठ्या चौकात उभं राहिलं तर हा भेद कुठे दिसत नाही. वाघोलीला, हडपसरला, निगडीला बस थांबते, माणसं चढतात. नियम मोडतो हे खरं. पण वाशिम, बुलढाणा, यवतमाळ, पुसद, उदगीरच्या पोराला पिंपरी-चिंचवडच्या कारखान्याच्या दारातून गावच्या चौकापर्यंत थेट गाडी हवी आहे, ही गरज ओळखली ती ट्रॅव्हल्सवाल्यांनी. एसटीला ती उशिरा दिसली आणि रेल्वेला अजूनही दिसलेली नाही.

या सोयीची किंमतही मोजली गेली. दिवाळीत भाडं दुप्पट-तिप्पट होई म्हणून राज्य सरकारने २०१८ मध्ये मर्यादा घातली, की खासगी गाडीचं कमाल भाडं एसटीच्या भाड्याच्या दीडपटीपेक्षा जास्त नसावं. ती मर्यादा सणासुदीत किती पाळली जाते, हे प्रवाशाला विचारा. आणि किंमत फक्त पैशांची नाही. ८ ऑक्टोबर २०२२च्या पहाटे नाशिकमध्ये यवतमाळहून मुंबईला निघालेली स्लीपर बस अपघातानंतर पेटली आणि १२ माणसं गेली. १ जुलै २०२३च्या मध्यरात्रीनंतर समृद्धी महामार्गावर सिंदखेडराजाजवळ नागपूर–पुणे बस उलटून पेटली, त्यात २५ जणांचा जीव गेला. यवतमाळला मुंबईची थेट रेल्वे असती तर पहिल्या बसमधली किती माणसं त्या रात्री रेल्वेच्या बर्थवर झोपलेली असती, हा विचार माझ्या मनातून जात नाही. वर्धा–यवतमाळ–नांदेड मार्गाचं काम चालू आहे. २०२४ मध्ये गाडी वर्ध्याहून कळंबपर्यंत आली. यवतमाळची जुनी नॅरोगेज शकुंतला तर आता बंदच आहे.

या क्षेत्रात नव्याने शिरणाऱ्या वाचकाला अभ्यासकांचे काही प्रवाह भेटतील. एक जुना प्रवाह रेल्वेला मुख्य आणि बसला उपरी मानतो. १९३९चा कायदा त्याचंच अपत्य. दुसरा सार्वजनिक सेवेचा. नफ्याचे लांब मार्ग आणि तोट्याच्या खेड्यांच्या फेऱ्या एकाच हातात ठेवा, म्हणजे एकातून दुसऱ्याचं भागेल, असं तो सांगतो. माझ्या डब्याची गाडी त्या विचारावर चालत होती. तिसरा प्रवाह बाजार मोकळा करा म्हणतो. ब्रिटनने १९८० मध्ये लांब पल्ल्याच्या बससेवा खुल्या केल्या. जर्मनीत रेल्वेच्या संरक्षणासाठी आणलेली १९३०च्या दशकातली बंधनं २०१३ मध्ये उठली आणि पाहता पाहता देशभर बसचं जाळं पसरलं. या प्रवाहाला मागणी चांगली दिसते, पण जिथे मागणी क्षीण आहे, तिथल्या म्हातारीसाठी त्याच्याकडे उत्तर नसतं. चौथा प्रवाह जोडणीचा. कॅलिफोर्नियात बेकर्सफील्डला प्रवासी रेल्वे संपते, कारण पुढच्या डोंगरातला मार्ग मालगाड्यांनी भरलेला. तिथून लॉस एंजेलिसला प्रवासी बसने जातो, पण त्या बसची वेळ गाडीशी बांधलेली असते आणि तिकीट एकच. स्वित्झर्लंडमधली पिवळी पोस्टबस डोंगरातल्या गावाहून निघते ती खालच्या स्थानकावरच्या गाडीचा मेळ धरून. आपल्या रेल्वेचीही एके काळी आउट एजन्सीची पद्धत होती. रूळ नसलेल्या गावीही रेल्वेचं बुकिंग करता येई. ती विस्मरणात गेली.

मी या चौथ्या प्रवाहाचा आहे, हे वाचकाने आधीच ओळखलं असेल. पण दुसऱ्या प्रवाहाचा आधार काढून घेतला तर चौथा उभा राहू शकत नाही, असंही माझं ठाम मत आहे. लांब पल्ल्याचा गल्ला कुणी तरी वेगळा काढून नेला, की सगळ्यात आधी मरते ती मुक्कामी गाडी. २०२१ च्या अखेरीपासून २०२२ च्या एप्रिलपर्यंत चाललेल्या एसटीच्या संपात शहरांनी दुसरी साधनं शोधली. खेड्यातल्या शाळकरी मुलींना दुसरं साधन नव्हतं. कामगारांच्या मागण्यांचं ओझंही खरं होतं आणि त्या मुलींची पायपीटही खरी होती. ही दोन्ही दुःखं एकाच वेळी डोळ्यांसमोर ठेवूनच या विषयावर बोलावं.

रेल्वे आली की बस संपते का? कोकणने याचं उत्तर दिलं आहे. बोटी होत्या तेव्हा पावसाळ्यात कोकण तुटायचं. मग मुंबई–गोवा रस्त्यावरची एसटी आली आणि चाकरमानी तिने गावी जाऊ लागला. बॅरिस्टर नाथ पै यांच्यापासून मधू दंडवते यांच्यापर्यंत अनेकांनी कोकण रेल्वेचा ध्यास घेतला, ई. श्रीधरन यांनी ती बांधून दाखवली आणि २६ जानेवारी १९९८ रोजी मार्ग पुरा झाला. तरी गणपतीत मुंबईहून जादा गाड्या सुटतातच. वाडीतले पंचेचाळीस जण मिळून एक एसटी आरक्षित करतात. ती गाडी थेट वाडीच्या फाट्यावर उतरवते, मखराच्या सामानासकट. रेल्वेची स्थानकं डोंगराच्या कुशीत, गावं समुद्राकाठी. मालवण असो वा वेंगुर्ले, रूळ दूरच राहिले. रेल्वेने बसचं काम काढून घेतलं नाही, बदललं. आता बसला दोन कामं आहेत, मुंबईपर्यंतचं आणि स्थानकापर्यंतचं. पहिलं ती नीट करते. दुसऱ्याची अजून कुणी नीट आखणीच केलेली नाही.

त्या दुसऱ्या कामाची हेळसांड मी पाहिली आहे. एका जंक्शनला आमची गाडी चाळीस मिनिटं उशिरा पोहोचली. डब्यातली एक बाई तान्ह्या मुलाला घेऊन उतरली आणि पळतच बाहेर गेली. तिच्या तालुक्याची शेवटची बस दहा मिनिटांपूर्वी सुटली होती. चौकशीच्या खिडकीत दिवा होता, माणूस नव्हता. गाडीला उशीर झाल्याचं बसवाल्याला कळवायची कुणावर जबाबदारी नव्हती, कारण रूळ एका सरकारचे आणि बस दुसऱ्या सरकारची. ती सकाळपर्यंत बाकावर बसून राहिली. मी आणि आणखी दोघं तिच्या सोबतीला थांबलो, चहा आणून दिला. पहाटे बस लागली तेव्हा तिने मूल माझ्याकडे दिलं आणि पदर सारखा करून आधी खिडकीची जागा पकडली. एका फोनने वाचली असती ती रात्र. जोडणी म्हणजे काय, हे मला कुणी विचारलं की मी हा बाक आठवतो.

हा विषय आजच का? राज्यात नवे रूळ पडताहेत: बीड झालं, वडसा–गडचिरोली, सोलापूर–तुळजापूर–धाराशिव ही कामं सुरू आहेत. ७०१ किलोमीटरचा समृद्धी महामार्ग जून २०२५ मध्ये पूर्ण खुला झाला आणि रात्रीच्या बसचा वेग वाढला, वेगाबरोबर जोखीमही. मार्च २०२३ पासून एसटीत स्त्रियांना अर्धं तिकीट आहे आणि त्याआधी ऑगस्ट २०२२ पासून पंचाहत्तरी पार केलेल्यांना मोफत प्रवास. स्टँडवर उभं राहिलं की त्याचा परिणाम डोळ्यांना दिसतो: एकटीने लांबचा प्रवास करणाऱ्या बायका. १ जून २०२२ रोजी पहिली विजेवरची शिवाई धावली तीही पुणे–नगर याच मार्गावर. अशा वेळी नवे मार्ग, नवे रस्ते आणि नव्या गाड्या वेगवेगळ्या कचेऱ्यांत वेगवेगळ्या आखल्या गेल्या, तर त्या बाकावर आणखी बायका रात्र काढतील. बीडला रेल्वे आली, तिची सुरुवात अहिल्यानगरपर्यंतच्या डेमू गाडीने झाली. बीडच्या स्थानकावर उतरणारा माणूस गेवराईला, माजलगावला, पाटोद्याला कसा जाणार? सिरोंचाचा माणूस तर गडचिरोलीपासूनच दोनशेहून अधिक किलोमीटरवर राहतो. वडशाहून निघालेले रूळ गडचिरोलीला पोहोचले तरी त्याचा प्रवास बसनेच पुरा व्हायचा आहे.

आता या संग्रहाविषयी. यात इतिहास लिहिणारे आहेत, वाहतुकीचे अभ्यासक आहेत, आणि ज्यांनी आयुष्यात कधी लेख लिहिला नव्हता असे निवृत्त चालक-वाहक आणि वाहतूक नियंत्रकही आहेत. त्यांचं बोलणं आम्ही त्यांच्याच शब्दांत ठेवलं आहे. भारमान, जादा फेरी, मुक्काम, वे-बिल, डबल बेल हे शब्द कोशात शोधायला लावणारे नाहीत. ते ज्यांनी तीस वर्षं वापरले त्यांच्या तोंडून येतात तेव्हा अर्थासह येतात. लेखक एकमताचे नाहीत. खासगी गाड्यांच्या बाजूने लिहिणाऱ्याला आम्ही आवर्जून बोलावलं आणि त्याचा लेख आम्हाला पटला नाही तरी एक ओळ न कापता छापला. घाटरस्ते, मराठवाडा आणि विदर्भाचा पूर्व भाग यांना अधिक पानं दिली आहेत, कारण उणीव तिथे जास्त खोल आहे. मुंबईच्या उपनगरी वाहतुकीवर पुष्कळ लिहिलं गेलं आहे, म्हणून ती सोडली. मालवाहतूक आणि पार्सलचा विषय मात्र वेळेअभावी राहिला. ती या पुस्तकातली खरी कमतरता आहे.

आणखी एक अडचण कामाला लागल्यावर कळली. रेल्वेचा इतिहास लिहायचा तर अहवाल आहेत, नकाशे आहेत, गॅझेटियर आहेत, इंजिनांच्या क्रमांकांच्या याद्या आहेत. बसचा इतिहास लिहायला बसलो तर हाती काही लागेना. जुनी वेळापत्रकं रद्दीत गेली, मार्गांच्या लोखंडी पाट्या भंगारात गेल्या, रंगीत तिकिटांचे गठ्ठे यंत्र आल्यावर निकालात निघाले. जे उरलं आहे ते लोकांच्या घरात आणि आठवणीत आहे. माझ्या आईकडे डब्यावरच्या चिठ्ठ्याही उरल्या नव्हत्या. मला लिहितावाचता यावं म्हणून ती डबा पाठवायची, पण चिठ्ठी शेजारच्या मुलाकडून लिहून घ्यायची. ते अक्षर कुणाचं होतं हेही मी तेव्हा विचारलं नाही.

म्हणून वाचकांना एक विनंती आहे. तुमच्या घरात जुनं वेळापत्रक, तिकिटांची वही, आगाराच्या आवारात काढलेला एखादा फोटो असेल तर तो टाकू नका. तुमच्या गावात निवृत्त चालक किंवा वाहक असतील तर त्यांच्याजवळ बसा, त्यांची पहिली मुक्कामी गाडी कोणत्या गावाची होती हे विचारा आणि ते सांगतील तसं लिहून ठेवा. या पुस्तकाची पुढची आवृत्ती त्यातूनच तयार होणार आहे.